वाढत्या वयातल्या खेळाडूंसाठी ताकदीचा व्यायाम

वजनं उचलली की मुलांची उंची खुंटते, ही समजूत इतकी पक्की आहे की बारा वर्षांच्या मुलीच्या हातात पाच किलोचं डंबेल दिसलं तरी घरचे धास्तावतात. तीच मुलगी मैदानावर दिवसभर उड्या मारते, धावता धावता झटकन दिशा बदलते, तेव्हा कुणाच्या मनात शंका येत नाही. खरं तर उंच उडी मारून जमिनीवर उतरताना पायांवर क्षणभर शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच पट भार येऊ शकतो. मुलीचं वजन चाळीस किलो असेल, तर हा भार 120 ते 200 किलोंच्या घरात जातो. मैदानावर तो कधी, कोणत्या कोनातून येईल याचा नेम नसतो. व्यायामशाळेत मात्र किती वजन, किती वेळा आणि कोणत्या गतीने हे सगळं आधी ठरवता येतं.

भीतीचं मूळ आहे ग्रोथ प्लेटमध्ये. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. तिथल्या पेशींची संख्या वाढते, त्या रांगेने रचल्या जातात, फुगतात आणि मग त्या जागी हाड तयार होतं. उंची वाढते ती अशी. पौगंडावस्थेच्या अखेरीस हा थर हाडात बदलून बंद होतो. मुलींमध्ये साधारण दोन वर्षं आधी. तो बंद होईपर्यंत सांध्याजवळचा सगळ्यात कमकुवत भाग हाच असतो. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) ताणला जाईल, तिथे मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही. पण जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये काढलेल्या अहवालातही असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि उपयुक्त मानला आहे. जागतिक आरोग्य संघटना तर 5 ते 17 वयोगटातल्या सगळ्याच मुलांना आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणाऱ्या हालचाली करायला सांगते.

मग इजा होतात कशा? अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांमधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा 8 ते 13 वर्षांच्या मुलांना वजनांमुळे झालेल्या इजांपैकी सुमारे दोन तृतीयांश इजा हातापायांच्या पंजांना झालेल्या आढळल्या. बहुतेकांचं कारण एकच: वजन पायावर पडलं किंवा बोटं चिमटली. हा देखरेखीचा प्रश्न आहे. मोकळी पडलेली वजनं, एकट्याने केलेला सराव आणि ‘बघू तुला किती उचलता येतं’ ही चढाओढ, या तीन गोष्टी टाळल्या तर धोका बराच कमी होतो. उंचीला खरोखर मारक ठरू शकणारी गोष्ट वेगळीच आहे. अॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी संप्रेरकांसारखी औषधं, यांच्यामुळे ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊ शकतात. ‘लवकर ताकद येईल’ म्हणून कुणी मुलाच्या हातात गोळी, इंजेक्शन किंवा लेबल नसलेली पावडर देत असेल, तर घाबरायचं ते याला.

वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते कशी, हे कळलं की पुढचं नियोजन सोपं होतं. या वयात स्नायूंचा आकार झपाट्याने वाढवणारी संप्रेरकं फारशी नसतात. तरीही आठ ते बारा आठवड्यांच्या नियमित सरावानंतर नवख्या मुलांची ताकद 30 ते 50 टक्क्यांनी वाढलेली अनेकदा दिसते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू एका वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावायला शिकतो, त्यांचा क्रम नीट लावतो आणि उलट ओढणारे स्नायू वेळेवर सैल सोडतो. म्हणून दंड फुगले नाहीत तर व्यायाम वाया गेला असं मुळीच नाही. आणि शिकण्याचा भाग मोठा असल्यामुळे तो थकलेल्या शरीराकडून करून घेण्यात अर्थ नाही. दोन तासांच्या सामन्याच्या सरावानंतर शेवटी ‘चला, आता वजनं’ ही सवय मला सगळ्यात चुकीची वाटते. वॉर्म-अप संपला की आधी ताकदीची वीस-तीस मिनिटं, मग खेळ.

सुरुवातीचं वय कॅलेंडरवरून ठरत नाही. सूचना ऐकून तशी हालचाल करता येणं, उभ्या जागी तोल सांभाळता येणं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबता येणं हे जमलं की मूल तयार असतं. बहुतेकांना ते सात-आठ वर्षांपर्यंत जमतं. हृदयाचा आजार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, फिट्सचा त्रास किंवा कर्करोगावर घेतलेले उपचार असतील, तर डॉक्टरांची परवानगी आधी घ्यावी.

आता एकच हालचाल बारकाईने पाहू: स्क्वॉट, म्हणजे बसून उठणं. मुलाच्या गुडघ्याइतक्या उंचीचं, न सरकणारं स्टूल मागे ठेवा. पाय खांद्यांइतके फाकवलेले, बोटं किंचित बाहेर. एक हलकी काठी पाठीला उभी धरायला सांगा, अशी की ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकेल. श्वास आत घेत, आधी कंबर मागे नेत, तीन सेकंदांत स्टुलाला जेमतेम टेकायचं आणि श्वास सोडत उठायचं. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर पाठ सरळ आहे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे श्वासाची लय पहिल्या दिवसापासूनच लावावी.

चुका ठरावीकच असतात, पण प्रत्येकीचं कारण निराळं. टाचा उचलल्या जात असतील तर बहुधा घोटा आखडलेला असतो. काही दिवस टाचांखाली पातळ फळी ठेवा आणि सोबत पोटऱ्यांचं ताणणं चालू करा. गुडघे आत वळत असतील तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत किंवा भार जास्त झालाय. गुडघ्यांच्या जरा वर हलका रेझिस्टन्स बँड (ताणला जाणारा रबरी पट्टा) बांधून ‘बँड बाहेर ढकल’ एवढीच सूचना द्या. ‘गुडघे आत नेऊ नकोस’पेक्षा ती मुलांना लवकर कळते. छाती खाली झुकत असेल तर दोन-तीन किलोचं वजन छातीशी धरायला द्या. समोरच्या वजनामुळे तोल सावरतो आणि धड आपोआप उभं राहतं. म्हणजे इथे वजन घेतल्याने हालचाल सुधारते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना उलटी वाटते. अगदी खाली गेल्यावर कंबर गोल होत असेल तर स्टूल उंच घ्या. आज तेवढंच खाली जायचं.

वजन केव्हा वाढवायचं? लागोपाठ दोन सत्रांत दहा-दहाचे दोन सेट एकही रेप न बिघडता झाले की 5 ते 10 टक्के. (रेप म्हणजे हालचालीचं एक आवर्तन, सेट म्हणजे न थांबता केलेली अशी काही आवर्तनं.) दहा किलोवर हे अर्धा ते एक किलो होतं, आणि म्हणूनच लहान मुलांसाठी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या लहान प्लेट हव्यात. त्या नसतील तर वजन तेच ठेवून रेप्स बारा-पंधरापर्यंत न्या. सहाव्या रेपला पाठ गोल झाली तर सेट सहालाच संपला. ‘दहा म्हणजे दहा’ या हट्टापायी शेवटच्या चार रेप्समध्ये मूल चुकीची हालचालच घोटून पक्की करतं.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सोडून. एका सत्रात सहा ते आठ व्यायाम: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, एका पायावरचं काम, पोट-पाठ स्थिर धरणं, वजन हातात घेऊन चालणं. पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा एकच सेट, 8 ते 15 रेप्स, मध्ये साधारण एक मिनिट विश्रांती. वर्षभर नीट सराव झालेल्या किशोरवयीन खेळाडूने तीन सेट आणि 6 ते 10 रेप्सकडे जायला हरकत नाही. एकदाच जमेल तितकं जास्तीत जास्त वजन उचलून पाहण्याचा मोह हालचाल पक्की होईपर्यंत तरी आवरावा. स्पर्धांच्या मोसमात व्यायाम पूर्ण बंद करू नका. सहा-आठ आठवडे सुट्टी झाली की कमावलेली ताकद बरीचशी ओसरते. आठवड्यातून एक-दोन छोट्या सत्रांनी ती टिकवता येते.

उडीवरून उतरणं हाही ताकदीचाच धडा आहे, विशेषतः मुलींसाठी. वयात आल्यावर उडी, वळण आणि अचानक थांबणं असलेल्या खेळांत मुलींना गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या इजेचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. वीस सेंटिमीटर उंचीवरून खाली पाऊल टाकून दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकवून, आणि तीन सेकंद स्थिर राहायचं. समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील किंवा धपकन आवाज येत असेल, तर उंची वाढवू नका. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा 11+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप याच तत्त्वावर बेतलेला आहे: धावणं, ताकद, तोल, उडी. तो नियमित करणाऱ्या किशोरवयीन संघांमध्ये इजा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी झाल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. ‘नियमित’ हा शब्द मात्र कळीचा.

आता ज्या नोंदीकडे बहुतेक प्रशिक्षकांचं दुर्लक्ष होतं ती: उंची. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, डोक्यावर काटकोनी वस्तू ठेवून मोजा. दोनदा मोजा आणि सरासरी घ्या. वयात येण्याआधी मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मुलींमध्ये बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास वेग सर्वाधिक होतो. मुलींचा वर्षाला सुमारे आठ, मुलांचा नऊ ते दहा सेंटिमीटर. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ झाली आणि पुढच्या मोजणीतही तसंच दिसलं, तर वाढीचा झपाटा सुरू आहे असं समजा. एकाच मोजणीवर विसंबू नका, कारण अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते.

या झपाट्यात पाय आधी लांबतात, धड नंतर. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अचानक अडखळतो, उडीचं टायमिंग चुकतं. तो आळशी झालेला नसतो. त्याच्या मेंदूकडे जुन्या मापाच्या पायांचा हिशोब आहे. दुसरं, हाडं आधी लांब होतात आणि त्यांच्यात खनिजं भरण्याचा वेग सहा महिने ते वर्षभराने शिखर गाठतो. मधल्या काळात हाड तुलनेने नाजूक असतं. मनगटाजवळची फ्रॅक्चर याच वयात जास्त दिसतात. तिसरं, स्नायूंचे कंडरे जिथे वाढत्या हाडाला जोडलेले असतात तिथे ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर दुखरं टेंगूळ आलं तर तो ऑसगुड-श्लॅटर नावाचा विकार असू शकतो, टाचेच्या मागे दुखत असेल तर सिव्हर.

या काळात ताकदीचा व्यायाम थांबवायचा नाही, उड्या आणि वेगवान धावण्याचं प्रमाण कमी करायचं. वजन एक-दोन पायऱ्या खाली आणा, स्टूल आणि काठी पुन्हा बाहेर काढा, हालचाल नव्या मापाच्या शरीराला परत शिकवा. व्यायामात हलकं दुखून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबत असेल तर भार कमी करून चालू ठेवता येतं. लंगडणं, सांध्याला सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा कंबरेत दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली वेदना असेल तर सराव बंद आणि थेट डॉक्टर. कंबरदुखीचं तर मी अधिकच आग्रहाने सांगेन: पाठ वारंवार मागे वाकवणाऱ्या खेळांत मणक्याला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि तो लवकर सापडला तरच भरून येण्याची शक्यता चांगली असते.

तेरा वर्षांच्या दोन मुलांमध्ये शारीरिक वाढीच्या दृष्टीने दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असतं. एकाच गटात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा झपाटा अजून सुरूही झालेला नसतो. दोघांना सारखंच वजन देणं चूक, आणि आजच्या ताकदीवरून निवड करणं त्याहून मोठी चूक. वहीत प्रत्येकाचं पान वेगळं ठेवा: तारीख, उंची, व्यायाम, वजन, रेप्स, कुठे दुखलं.

त्याच पानावर दोन रकाने आणखी. पहिला, खेळाचे आठवड्यातले एकूण तास. शाळेचा संघ, क्लब, खासगी सराव असं सगळं मिळून ते वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाचे बारा तासांहून अधिक, तर अतिवापराच्या गंभीर इजांचा धोका वाढलेला आढळतो. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. दुसरा रकाना झोपेचा: बारा वर्षांपर्यंत 9 ते 12 तास, तेरा ते अठराला 8 ते 10. मुलींच्या बाबतीत पाळीची नोंदही ठेवावी, ती मुलीने स्वतः किंवा आईने. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही किंवा सुरू झालेली तीन महिन्यांहून अधिक काळ थांबली, तर शरीराला खेळाच्या मानाने अन्न कमी पडत असण्याची शक्यता असते. त्याचा फटका हाडांना बसतो. अशा वेळी सरावाचे तास कमी करावेत, जेवण वाढवावं आणि तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.