तुमच्या ट्यूनरच्या आत काय चालते
हाय-फाय एफएम ट्यूनर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

दुरुस्तीला आलेल्या ट्यूनरबद्दल बहुतेकजण एकच तक्रार सांगतात: "खरखरतो." पण खरखर केव्हा होते, कोणत्या स्टेशनवर होते, मोनो केल्यावर थांबते का, एवढे सांगितले तर दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे हे पेटी उघडण्याआधीच बरेचसे कळते. अँटेनापासून स्पीकरच्या वायरपर्यंत संकेत कोणत्या वाटेने जातो, ते म्हणूनच इथे सांगत आहोत.

फ्रंट एंड

नागपूरची विविध भारती १००.६ मेगाहर्ट्झवर आहे. अँटेनावर ती एकटी येत नाही. ८७.५ ते १०८ मधली सगळी स्टेशने, विमानांचे संदेश, मोबाइल टॉवर, सगळे त्याच तारेवर उतरते. कॉइल आणि गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना एकत्र फिरणारे कंडेन्सर) यांच्या जोड्या त्यातला हवा तेवढाच भाग पुढे सोडतात आणि एक ट्रान्झिस्टर तो क्षीण संकेत वाढवतो. शेजारी ट्यूनरचा स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारे सर्किट, चालू असतो, स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर. विविध भारती लावली की तो १११.३ वर जातो. दोन्ही लहरी मिक्सरमध्ये एकत्र आल्या की त्यांच्यातला फरक, म्हणजे १०.७, पुढे जातो. स्टेशन कोणतेही लावा, पुढच्या सर्किटांना कायम १०.७ च मिळतो, आणि एकाच कंपनसंख्येवर चालणारी सर्किटे फार नेमकी बनवता येतात. ही सुपरहेटरोडाइन पद्धत एडविन आर्मस्ट्राँग यांची, १९१८ सालची. रुंद पट्ट्याच्या एफएमची पेटंटेही पुढे १९३३ मध्ये त्यांनाच मिळाली.

या पद्धतीत एक खोट आहे. १११.३ च्या वरच्या बाजूला तितक्याच अंतरावर १२२.० आहे, आणि तिथला संकेतही मिक्सरमधून १०.७ होऊनच निघतो. ११८ पासून वरचा पट्टा विमाने आणि विमानतळ यांच्या बोलण्याचा. म्हणून सोनेगाव विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांच्या साध्या रेडिओत गाण्याच्या मध्येच तुटक बोलणे घुसू शकते. महागड्या ट्यूनरच्या गँगला चार किंवा पाच भाग असतात, ते हा नको असलेला जुळा संकेत मिक्सरच्या आधीच अडवण्यासाठी.

ऑसिलेटरला उष्णता सोसत नाही. काटा फिरवून स्टेशन लावायच्या जुन्या ट्यूनरमध्ये, विशेषतः नवतप्यात, चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे स्टेशन थोडे सरकते. तेवढे चालायचेच. तासाभरानंतरही सरकत असेल तर ट्यूनर दाखवायला आणा. क्वार्ट्झ क्रिस्टलवर बांधलेल्या डिजिटल ट्यूनरमध्ये हा त्रास जवळपास नसतो.

आयएफ: वाइड की नॅरो?

१०.७ वर आलेला संकेत (यालाच आयएफ, म्हणजे मधली कंपनसंख्या म्हणतात) सिरॅमिक फिल्टरमधून जातो. शेजारच्या स्टेशनला बाहेर ठेवणे हे फिल्टरचे काम. स्टीरिओ प्रसारणाला सुमारे २५० किलोहर्ट्झ रुंद वाट लागते. फिल्टर १५० चा असला तर शेजारी अडतो, पण आपल्या स्टेशनच्याही कडा कापल्या जातात आणि आवाज भरडा होतो. आपल्याकडे एका शहरातल्या स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झचे अंतर राखलेले आहे, म्हणजे शेजारी बराच लांब. तुमच्या ट्यूनरवर वाइड-नॅरो बटण असेल तर नागपुरात ते निश्चिंतपणे वाइडवर ठेवा. बाहेरगावचे क्षीण स्टेशन पकडायचे असेल तेव्हाच नॅरो.

लिमिटर आणि डिटेक्टर

ट्यूनरचा दर्जा आमच्या मते इथे ठरतो.

एफएममध्ये गाणे लहरीच्या उंचीत नसते. लहरीची कंपनसंख्या मागेपुढे होते, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे आणि तितकीच तिकडे, आणि त्या हालचालीत गाणे असते. त्यामुळे लिमिटर उंची खुशाल छाटून टाकतो, माळ्याने मेंदीचे कुंपण एका रेषेत कातरावे तशी. स्वयंपाकघरातला मिक्सर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे यांचे तडतडणे लहरीच्या उंचीवर बसते आणि तिथेच कापले जाते. मध्यम लहरींवर, म्हणजे नागपूर केंद्राच्या ५८५ किलोहर्ट्झवर, आवाज उंचीतच असतो, त्यामुळे तिथे कात्री चालवता येत नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर लावल्यावर एफएमवरही खरखर ऐकू येत असेल, तर लिमिटरला पुरेल इतका संकेत पोहोचत नाही असे समजा. आधी अँटेना तपासा.

छाटलेली लहर डिटेक्टरकडे जाते. कंपनसंख्या जितकी हलेल तितक्याच प्रमाणात व्होल्टेज देणे, हे त्याचे काम. हे प्रमाण काटेकोर सरळ रेषेत हवे, आणि त्यासाठी डिटेक्टरची कॉइल बरोबर मधोमध जुळलेली हवी. ती किंचित जरी ढळली तरी बारीक आवाजातले गाणे ठीक वाटते, पण तान वर गेली की फाटते आणि "स", "श" ही अक्षरे झोंबतात. घरी करता येईल अशी एक परीक्षा: ट्यूनिंग मीटरचा काटा मधोमध आणा, मग स्टेशन अगदी थोडे बाजूला सरकवा. बाजूला आवाज जास्त स्वच्छ येत असेल तर डिटेक्टरची जुळणी गेली आहे. कॉइलच्या डबीच्या तळाशी असलेला छोटा कंडेन्सर गंजणे, हे त्याचे नेहमीचे कारण. पावसाळ्यातली ओल आणि कूलरची दमट हवा तो लवकर खाते. ट्यूनर कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती याहून महत्त्वाची. कॉइलचे कोर स्क्रू ड्रायव्हरने फिरवू नका, ओळखीच्या मेकॅनिकलाही फिरवू देऊ नका. फेराइटचा कोर ठिसूळ असतो. तडकून अडकला की तशी कॉइल मिळणे कठीण. आणि ही जुळणी कानाने होतच नाही. सिग्नल जनरेटर लावून, विरूपण (डिस्टॉर्शन) मोजत, प्लास्टिकच्या चावीने ती करावी लागते.

स्टीरिओ

स्टेशन दोन वाहिन्या सुट्या पाठवत नाही. डाव्या-उजव्याची बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंत जाते, म्हणून साधा मोनो रेडिओही पूर्ण गाणे वाजवतो. वजाबाकी २३ ते ५३ च्या पट्ट्यात ठेवलेली असते आणि मधे १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर. डीकोडर त्या सुराशी ताल जुळवून ३८ किलोहर्ट्झ तयार करतो, वजाबाकी खाली आणतो आणि दोन्ही वाहिन्या वेगळ्या करतो. स्टीरिओचा दिवा मिणमिणत असेल तर बहुधा डीकोडरचा प्रीसेट (जुळणीचा छोटा रेझिस्टर) सरकलेला असतो. हे काम छोटे आहे.

एफएममध्ये गोंगाट वरच्या पट्ट्यात, म्हणजे ही वजाबाकी असते तिथे, जास्त असतो, म्हणून क्षीण स्टेशन स्टीरिओत सूंसूं करते आणि मोनोत शांत होते. हा ट्यूनरचा दोष नव्हे.

अमेरिकेहून आलेले ट्यूनर

मुलांनी किंवा नातेवाइकांनी तिकडून आणलेले सुंदर संच आमच्याकडे येतात. ते १२० व्होल्टचे असतात. मागे व्होल्टेज बदलायची सोय नसेल तर थेट आपल्या २३० व्होल्टवर लावू नका. नुसत्या ट्यूनरला १०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो.

पुढची तक्रार हमखास येते: ९४.३ लागते, ९८.३ लागते, विविध भारती मात्र नीट लागत नाही. तिकडची स्टेशने ८८.१, ८८.३ अशी विषम दशांशावर असतात, आणि त्यांचे बरेच डिजिटल ट्यूनर २०० किलोहर्ट्झच्या उड्या मारतात. १००.५ नंतर थेट १००.७. काही संचांमध्ये मागे स्टेप बदलायचे बटण असते, काहींमध्ये आतला एक जम्पर किंवा डायोड बदलून काम होते. सगळ्यांत होत नाही. नाही होणार तर तसे आम्ही स्पष्ट सांगू. शिवाय तिकडची डी-एम्फसिस (स्टेशनने वाढवून पाठवलेले उंच सूर पुन्हा खाली आणणे) ७५ मायक्रोसेकंदांची आणि आपल्याकडची ५०, त्यामुळे तबल्याची चाट आणि झांज दबलेली ऐकू येते. दोन कंडेन्सर किंवा दोन रेझिस्टर बदलले की आवाज मोकळा होतो.

अँटेना

एवढे सगळे असून मागे हातभर लोंबती तार असेल तर उपयोग नाही. दोन्ही हात मिळून सुमारे दीड मीटरचा डायपोल खिडकीजवळ आडवा लावा. गच्चीवर लावता आला तर उत्तमच. ३०० ओहमची चपटी वायर आणि ७५ ओहमची केबल यांच्यामध्ये बलून, म्हणजे दोन्हींचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, हवाच. उंच इमारतींवरून परतलेला संकेत मूळ संकेतात मिसळला तरी आवाज फाटतो, आणि तो दोष हुबेहूब बिघडलेल्या डिटेक्टरसारखा ऐकू येतो. डायपोल थोडा फिरवून पाहा. फरक पडला तर दोष ट्यूनरमध्ये नाही आणि दुरुस्तीचा खर्च वाचला.

ट्यूनर आणताना रिमोट असल्यास सोबत आणा आणि मेमरीतली स्टेशने लिहून ठेवा, कारण काम चालू असताना ती पुसली जातात. अँटेनाची वायरही आणा. दोष कित्येकदा तिच्या पिनमध्येच निघतो.