लेवीय 23 मधले सण मंडळीच्या हातून कसे सुटले आणि आता परत कसे येतायत

आजकाल ईस्टर जवळ आला की यूट्यूबवर बायबलमधल्या सात सणांचे मेसेज भरपूर दिसतात. जुन्या करारातला लेवीय 23 उघडायचा, एका बाजूला सण लिहायचा आणि समोर येशूच्या आयुष्यातली घटना, वल्हांडण (इस्राएली मिसराच्या गुलामीतून सुटले त्याचा सण) म्हणजे वधस्तंभ, प्रथम उपज म्हणजे पुनरुत्थान, सप्ताहांचा सण म्हणजे पवित्र आत्मा उतरला तो दिवस. ऐकायला छान वाटतं आणि त्यातलं बरंचसं खरंच नव्या करारात आहे. फक्त सांगताना असा सूर लागतो की हे रहस्य आत्ताच कुणाला तरी उघडलंय, आणि ते मला खटकतं, कारण मंडळी, म्हणजे ख्रिस्ती चर्च, या सणांच्या आतच जन्मली होती, नंतर ते तिच्या हातून सुटले, आणि ते कसे सुटले हा इतिहास आपल्या चर्चमध्ये जवळजवळ कुणी सांगत नाही.

सुरुवात बघा. मत्तय, मार्क, लूक सांगतात की शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं. योहानाच्या मांडणीत येशू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी मरतो, म्हणजे कोकरं कापली जायची त्याच दिवशी. मांडणी वेगळी पण सण तोच. पौल करिंथकरांना लिहितो की आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणजे ख्रिस्त, त्याचं बलिदान झालंय, म्हणून सण पाळू या, आणि त्याच पत्रात 15 व्या अध्यायात उठलेल्या ख्रिस्ताला तो प्रथमफळ म्हणतो. हाच पौल प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये पेन्टेकॉस्टला, म्हणजे सप्ताहांच्या सणाला, यरुशलेमात पोचायची घाई करतो. दुसरीकडे कलस्सैकरांना तो म्हणतो सण, अमावस्या, शब्बाथ यावरून कुणी तुमचा न्याय करू नये, या पुढे येणाऱ्या गोष्टींच्या सावल्या आहेत. म्हणजे सण पाळलेच पाहिजेत असा नियम त्याने विदेशी विश्वासणाऱ्यांवर लादला नाही, पण ते टाकून द्या असंही तो कुठे म्हणत नाही.

मग बिघडलं कुठे? सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, 132 ते 135 मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहूद्यांचं रोमविरुद्ध बंड झालं आणि ते मोडल्यावर सम्राट हेड्रियनने यहूद्यांना यरुशलेमात यायला बंदी केली. इथून पुढे मंडळीत विदेशी लोक वाढत गेले आणि यहूदी मुळांशी असलेलं नातं पातळ होत गेलं. तरीसुद्धा आशिया मायनरच्या मंडळ्या, प्रकटीकरणात वाचतो त्याच स्मुर्णा, सार्दीस, इफिस वगैरे, प्रभूच्या मरणाचा सण यहूदी कॅलेंडरमधल्या निसान महिन्याच्या 14 तारखेलाच, म्हणजे वल्हांडणाच्या दिवशीच, पाळत होत्या, वार कुठलाही येवो. रोममध्ये मात्र रविवारच. स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प साधारण 155 च्या सुमारास रोमला जाऊन तिथला बिशप अनिसेटस याच्याशी यावर बोलला, दोघांचं पटलं नाही पण त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं आणि शांतीने निरोप घेतला. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. कारण पुढे 190 च्या आसपास रोमचा बिशप व्हिक्टर या आशियातल्या मंडळ्यांना बाहेरच काढायला निघाला, इफिसचा बिशप पॉलिक्रेटिस याने त्याला ठणकावून लिहिलं की आमच्याकडे ही प्रथा प्रेषितांपासून चालत आलीये, आणि ल्योंचा बिशप आयरेनियसला मध्ये पडून समजवावं लागलं.

पण एक कडवट गोष्टही याच काळातली आहे. सार्दीसचा बिशप मेलितो याचं वल्हांडणावरचं प्रवचन आज आपल्याकडे आहे, निर्गम 12 मधलं कोकरू आणि ख्रिस्त यांची सांगड इतकी सुंदर घातलेलं लिखाण त्या शतकात क्वचितच सापडेल, आणि त्याच प्रवचनात तो ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या इस्राएलवर टाकतो. सणाचा अर्थ सांगता सांगताच सण ज्यांचा त्यांच्यावर आरोप.

325 मध्ये निकियाच्या परिषदेत ठरलं की ईस्टर सगळीकडे एकाच रविवारी, यहूदी कॅलेंडरवर अवलंबून न राहता. त्यानंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने मंडळ्यांना जे पत्र पाठवलं त्यात गणिताचा मुद्दा कमी आणि यहूद्यांची रीत आपण का चालवावी हा तिरस्कार जास्त आहे. तरी साधी माणसं ऐकत नव्हती! 386 मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम हा नामांकित प्रवचनकार यहूद्यांविरुद्ध प्रवचनं करत सुटला ती यासाठीच की त्याच्या मंडळीतले लोक कर्ण्यांच्या सणाला यहूद्यांच्या सभास्थानात जात होते, प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास धरत होते. त्याच शतकात लावदिकीयाच्या परिषदेने यहूद्यांकडून बेखमीर भाकर घ्यायला आणि त्यांच्याबरोबर सण करायला मनाई केली. मनाई करावी लागली याचा अर्थ लोक करत होते, शेजाऱ्याच्या घरची भाकर खात होते.

पुढचं तर फारच वाईट. 1144 मध्ये इंग्लंडच्या नॉर्विचमध्ये एक मुलगा मेला आणि त्याचा आळ यहूद्यांवर आला, मग वल्हांडणासाठी यहूदी ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात अशी घाणेरडी अफवा युरोपभर शतकानुशतके फिरली. 1475 मध्ये इटलीतल्या ट्रेंटमध्ये अशाच आळापायी यहूद्यांना ठार केलं गेलं आणि मेलेल्या मुलाची भक्ती सुरू झाली, ती कॅथलिक चर्चने बंद केली थेट 1965 मध्ये. ज्या वर्षी व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या यहूद्यांवर टाकता येत नाही, तेच हे वर्ष.

आजची लाट याच्यानंतरची. येशूला मसीहा मानणाऱ्या यहूद्यांची अमेरिकेतली जुनी संघटना 1915 ची, तिने 1975 मध्ये नाव बदलून स्वतःला मसीहानिक म्हणायला सुरुवात केली, आणि त्या चळवळीतून सेडर भोजन, म्हणजे यहूद्यांचं वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, चर्चमध्ये शिरलं. 1980 पासून यरुशलेमात दरवर्षी जगभरचे ख्रिस्ती मांडवांच्या सणाला जमतात, आधार जखऱ्या 14. सोबत एक शिकवणही पसरली की वसंतातले चार सण येशूच्या पहिल्या येण्यात पूर्ण झाले आणि शरदातले तीन (कर्ण्यांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण) दुसऱ्या येण्यात होतील. शक्यता म्हणून मला ती आवडते, पण त्यावरून तारखा काढणं अजिबात नाही. 1988 मध्ये अमेरिकेत कर्ण्यांच्या सणाच्या तारखा धरून मंडळी आकाशात वर घेतली जाईल असं जाहीर केलं गेलं आणि कितीतरी भोळ्या लोकांनी विश्वास ठेवला.

सेडरबद्दलही नीट कळायला हवं. आज जो विधी आहे, चार प्याले, प्रश्नोत्तरं, तो बराचसा मंदिर पडल्यानंतर रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, घडवलाय, त्याचं सुरुवातीचं लिखित रूप साधारण सन 200 च्या मिश्नात, म्हणजे रब्बींच्या नियमांच्या संग्रहात, मिळतं. त्यामुळे येशूने हेच सेडर केलं असं स्टेजवरून सांगणं बरोबर नाही.

आणि हा सण आपल्यापासून लांबचा नाहीच. कोकणातले बेने इस्राएल हे यहूदी, शनिवारी तेलाचा धंदा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे, पिढ्यानपिढ्या मराठी बोलत हे सण पाळत आले, प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत आले. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवलं, त्यासाठी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं, धर्मांतर मात्र फारच थोड्यांनी केलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत छापली गेली आणि 1874 मध्ये पुण्यात, पुण्याच्या प्रतीत तर साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतानाचं चित्र आहे.

म्हणून सण शिकवणाऱ्या पास्टरांना माझी विनंती आहे की प्रभुभोजनाच्या गुरुवारी सेडरची नक्कल करण्यापेक्षा निर्गम 12 आणि लूक 22 सलग वाचा. केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती त्या संध्याकाळी घरातच पेसहा अप्पम ही बेखमीर भाकर मोडून वाटतात, कुणाची नक्कल न करता, त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेने. मांडवांचा सण तर मंडळीने पूर्णच सोडला, तेव्हा सुगीच्या उपकारस्तुतीला योहान 7 घ्या, शिलोहाचं पाणी वेदीवर ओतायचे त्या सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून म्हणाला, कोणी तान्हेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आणि ते वाचताना हा सण आजही कुणाचा तरी जिवंत सण आहे, हे मंडळीला सांगा.