सॅक्रामेंटची व्याख्या आली कुठून

बाप्तिस्म्यासारख्या चर्चच्या पवित्र विधींना सॅक्रामेंट म्हणतात. सॅक्रामेंट म्हणजे देवाच्या अदृश्य कृपेची दृश्य खूण, ही व्याख्या कॅथलिक शिकवणीत पहिल्यापासून पाठ करून घेतात. पण तिच्यामागचं भांडण कळल्याशिवाय ती नीट उमगत नाही असं मला मनापासून वाटतं.

मूळ ग्रीक शब्द मिस्टेरिऑन, म्हणजे गूढ. लॅटिन बोलणाऱ्यांनी त्याच्यासाठी साक्रामेंतुम घेतला, रोमन सैनिकाच्या शपथेला म्हणायचे तोच शब्द, आणि इ.स. 200 च्या आसपास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्याचं नातं या शपथेशीच जोडलं.

खरा पेच पुढे पडला. 303 मधे सम्राट डायोक्लेशनने हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांचे धर्मग्रंथ जाळा, आणि जीव वाचवायला काही बिशपांनी ते स्वतःच्या हाताने काढून दिले. छळ थांबला पण मग उत्तर आफ्रिकेत प्रश्न उभा राहिला की अशा माणसाने दिलेला बाप्तिस्मा धरायचा का? तिथल्या ख्रिस्ती लोकांतला एक कडवा गट, डोनाटिस्ट, म्हणाले नाही, ज्याच्याकडे पावित्र्यच उरलं नाही तो दुसऱ्याला काय देणार, परत बाप्तिस्मा घ्या. आता ज्या बाईला वर्षांपूर्वी अशाच एखाद्या बिशपने पाण्यात उतरवलं तिचा विचार करा, तिची काय चूक? तिने कुठल्या भरवशावर जगायचं?

314 मधे आर्लच्या धर्मसभेने डोनाटिस्टांच्या विरोधात निकाल दिला तरी वाद शंभर वर्षं चालला. शेवटी उत्तर आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने जे मांडलं ते मला फार मोठं वाटतं, की येशूचा पट्टशिष्य पेत्र बाप्तिस्मा देवो नाहीतर त्याला दगा देणारा यहूदा, देणारा ख्रिस्तच असतो. पुढे याचंच सूत्र झालं, कृपा त्या कृतीतून मिळते, पाद्रीच्या लायकीतून नाही.

सॅक्रामेंट एकूण सात, हा आकडा बराच नंतरचा, 12व्या शतकात पीटर लोम्बार्ड या धर्मपंडिताच्या यादीमुळे रुळला आणि 1547 मधे ट्रेंटच्या धर्मसभेने तो पक्का केला.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. 2020 मधे व्हॅटिकनने सांगितलं की 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही देतो' म्हटलं तर तो बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा द्यावा लागेल. एका शब्दासाठी एवढं? हो, कारण त्या वाक्यातला 'मी' पाद्रीचा नाहीच, तिथे ख्रिस्त बोलतोय अशी श्रद्धा आहे, आणि 'आम्ही' म्हटलं की बोलणारी नुसती जमलेली माणसं उरतात.