पिवळं लॉन तहानलेलंच असतं का?

‘लॉन पिवळं पडलं की पाणी वाढवा, युरिया टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो नेहमी खरा नसतो. सांगलीच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं. मुळांना हवा मिळत नाही आणि गवत ओलीतच पिवळं पडतं. आधी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. सहज आत गेला, चिखल लागून वर आला, तर पाणी थांबवा. मग पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं, तर मुळं खाल्ली गेलीत. तिथं उकरा, अर्धगोल वळलेली पांढरी अळी सापडली तर ती हुमणी, आपल्या उसाला छळते तीच. ती वेचून काढायला हवी. युरियानं मुळं परत येत नाहीत, उलट जास्त पडला तर उरलेलं गवतही करपतं.