गरीब स्वभावाची, भरपूर अंड्यांची कोंबडी: मागचा इतिहास

इंदूरला अंगणात चार कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिलं नाव निघतं कडकनाथचं. साहजिकच आहे. झाबुआ इथून दीडशे किलोमीटरवर, २०१८ साली तिथल्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पिसांपासून मांसापर्यंत काळा असलेला हा पक्षी सगळ्या भागाचा अभिमान झाला. पण रामबागेतल्या एखाद्या आजींना हवी असते ती नातवंडांच्या हातून दाणे टिपणारी आणि बहुतेक सकाळी अंडं देणारी कोंबडी. कडकनाथ ती नव्हे. नीट सांभाळली तरी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी, आणि स्वभाव चपळ, बुजरा. हा काही तिचा दोष नाही. भिल्ल-भिलाला कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली ती मांसासाठी, औषधी मानून, देवाला वाहण्यासाठी. अंडी मोजत कोणी बसलं नव्हतं. म्हणून जात निवडताना मी आधी हे पाहते, की हिला राखणाऱ्यांना काय हवं होतं.

असीलचं तसंच. ही जात झुंजीसाठी घडली. नवल असं की माणसाशी असील सहसा शांत असतो, कारण झुंजीचा पक्षी हाताळता यावा लागे. आपसांत मात्र कडाक्याची भांडणं, आणि अंडी अगदी थोडी.

गावठी कोंबडीबद्दल मला विशेष माया आहे. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसते. हात घातला तर घशातून गुरगुरते, चोच मारते. दाण्या-पाण्यालाही दिवसातून एखाद्या वेळीच उठते. एकवीस दिवस रवण, पुढे दोन-तीन महिने पिल्लांमागे. तेवढ्या काळात अंडं नाही. हे वळण रानकोंबडीकडून आलेलं आहे. ज्याला घरची पिल्लं हवीत त्याला खुडूक कोंबडीसारखं सुख नाही. ज्याला अंडी हवीत त्याची टोपली रिकामी. अंड्यांच्या जाती घडवणाऱ्यांनी म्हणूनच हा खुडूकपणा निवडून निवडून कमी केला.

स्वभाव आणि अंडी यांचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. थायरॉइडशी संबंधित एका जनुकाचं वेगळं रूप जगभरच्या पाळीव कोंबड्यांत आढळतं, हे २०१० साली प्रसिद्ध झालं. ते रूप असलेल्या कोंबड्या लवकर अंड्यावर येतात आणि आपसांत कमी भांडतात. २०१७ साली युरोपातल्या जुन्या हाडांच्या तपासणीतून दिसलं की ते तिथे झपाट्यानं पसरलं हजारेक वर्षांपूर्वी. तेव्हा शहरं वाढत होती, आणि उपासाच्या दिवसांत चार पायांच्या जनावरांचं मांस वर्ज्य असलं तरी कोंबडी-अंडी चालत. मागणी वाढली, कोंबड्या दाटीवाटीनं राहू लागल्या, आणि दाटीत निभावणाऱ्याच पुढे आल्या, असं संशोधकांचं अनुमान आहे.

१८५०च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचं वेडच लागलं. चीनकडून आणि चितगावकडून गेलेल्या धिप्पाड पक्ष्यांतून तिकडे ‘ब्रह्मा’ घडली, नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून. १८५२ साली तिचे नऊ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट गेले. ब्रह्मा फार गरीब, लहान मुलांनी उचलून न्यावी अशी. पण अंगावर पिसांचा भार आणि पायांवरही पिसं, म्हणजे इंदूरच्या मे महिन्यात तिचे हाल. इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न उन्हाला टिकते, तीनशेच्या घरात अंडी देते, पण भांडं पडलं तरी सगळा कळप कोपऱ्यात. आपल्या पोल्ट्र्यांतली पांढरी कोंबडी तिच्याच वंशाची.

या दोन्हींच्या मधली वाट लाल आणि काळ्या कोंबड्यांनी काढली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या शेतकऱ्यांनी घडवलेल्या लाल कोंबडीला १९०४ साली अधिकृत जातीचा दर्जा मिळाला. इंग्लंडमधल्या ऑरपिंग्टन गावची काळी कोंबडी ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथे तिची ऑस्ट्रालॉर्प झाली. १९२२-२३ मध्ये सहा ऑस्ट्रालॉर्पांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी घातली, म्हणजे प्रत्येकी तीनशे नऊहून जास्त. आणि ही जात स्वभावानं शांत आहे.

तरी भरपूर अंडी देणारी कोंबडी तापटच असणार, असं मानणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांचं १९९६ साली प्रसिद्ध झालेलं काम सांगावंसं वाटतं. तोवरची रीत अशी, की सगळ्यांत जास्त अंडी देणारी एकेक कोंबडी निवडायची. पण पिंजऱ्यात एखादी इतरांना टोचून, दाबूनही पुढे जाते. म्यूर यांनी एकटी कोंबडी निवडलीच नाही. एका पिंजऱ्यात एकाच घराण्यातल्या कोंबड्या ठेवल्या, कोणाचीही चोच छाटली नाही, आणि पिंजराच्या पिंजरा निवडला: ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्या मिळून चांगल्या, त्यांची पुढची पिढी. दुसऱ्या पिढीत वर्षाची मरतूक ६८ टक्के होती. चौथ्या पिढीत ती ९ टक्क्यांच्या आत आली. दर कोंबडीमागे अंडी ९१ वरून २३७ वर गेली. गुण्यागोविंदानं राहणाऱ्याच जास्त अंडी देणाऱ्या निघाल्या.

आपल्याकडे संकराचा मार्ग धरला गेला. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कडकनाथ आणि लाल कोंबडी यांतून श्यामा, असील आणि लाल कोंबडी यांतून निर्भीक काढली. जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं कडकनाथचा चौथा हिस्सा ठेवून नर्मदानिधी घडवली. हैदराबादेतून वनराज आणि ग्रामप्रिया आल्या. या दोन नावांत लोकांची गल्लत होते, माझीही झाली होती. वनराज अंगानं भारी, परसात शंभर-एकशेदहा अंड्यांची. ग्रामप्रिया हलकी, पण १६० ते १८० अंडी देणारी. अंड्यांसाठी वनराज आणून मी वर्षभर हिरमुसले होते.

बाकी अर्धं काम आपल्या हाताचं. पहिले तीन-चार आठवडे रोज तळहातावर मक्याचा भरडा घेऊन पिल्लांपाशी बसलं की बुजऱ्या जातीचीही भीड चेपते. लसीकरण मात्र चुकवू नये. मानमोडी (राणीखेत रोग) आली की सगळं खुराडं रिकामं होतं.

माझ्या अंगणात सध्या तीन ग्रामप्रिया आणि एक श्यामा आहे. श्यामा अजून हाताला लागत नाही, वाटीतले दाणे तेवढे घेते. ग्रामप्रियांतली एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मात्र परवापासून पाठीवर हात नेला की पंख जरा सैल सोडून खाली बसते. तिचा तुराही लाल झालाय. ही अंडं जवळ आल्याची खूण. खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काल टोपलीत गवत घालून ठेवलंय.