ड्रॉस : कढईच्या तळाशी जाणारं जस्त

जीआय पाइप, पत्रा, विजेचा मनोरा वर्षानुवर्षं टिकतो तो अंगावरच्या जस्तामुळे. हा थर देण्यासाठी लोखंडी वस्तू मोठ्या कढईत सुमारे ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात बुडवतात. दोन्ही धातू एकमेकांत मुरतात, म्हणून थर पक्का बसतो. पण त्याच ओढीपायी कढईच्या तळाशी ड्रॉस नावाचा जड, रवाळ गाळही साठतो.

त्याला मळ म्हणणं मला पटत नाही. त्यात वजनानं जवळपास ९४ टक्के जस्तच असतं, लोखंड फक्त ६ टक्के. लोखंडाचा एक अणू जस्ताचे तेरा अणू धरून ठेवतो. हिशेब केला तर एक किलो लोखंड सुमारे १५ किलो जस्त घेऊन तळाला जातं. गाळ उपसताना चिकटून येणारं जस्त वेगळंच. तेव्हा खरं काम लोखंडाला कढईबाहेर रोखण्याचं.

बुडवलेल्या वस्तूतून थोडं लोखंड सुटणारच. ते टाळता येत नाही. टाळता येतं ते आधीच्या टाक्यांमधून येणारं. गंज काढायला वस्तू हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवतात. त्या ॲसिडात लोहक्षार साठत जातात आणि ओल्या वस्तूबरोबर आधी फ्लक्समध्ये (जस्त नीट धरावं म्हणून वस्तू ज्यात बुडवतात त्या क्षारांच्या द्रावणात), मग जस्तात पोचतात. मधे स्वच्छ पाण्यात नीट धुणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि घाईत पहिली काट त्यालाच बसते. पाइप तिरपा धरून आतलं ॲसिड निथळेपर्यंत थांबायला हवं. फ्लक्समध्ये तरीही लोह वाढलं, तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, अमोनियानं आम्लता सांभाळून त्याचा तपकिरी साका पाडतात आणि गाळून घेतात.

दुसरी गोष्ट तापमानाची. कढईही पोलादाचीच. जस्त ४८० अंशांच्या पुढे गेलं की तिच्या भिंती झपाट्यानं झिजतात आणि ते लोखंडही ड्रॉसच बनतं. तापमान सतत वरखाली होणंही वाईट. गरम जस्तात जास्त लोखंड विरघळतं आणि ते निवलं की स्फटिक होऊन बाहेर पडतं, जसा घट्ट पाक निवताना साखर धरतो.

कढईत पडलेले तारांचे तुकडे, निसटलेले नटबोल्ट लगेच काढायला हवेत. तळ उपसल्यावर जस्त निवांत ठेवावं लागतं, नाहीतर ढवळलेले स्फटिक पुढच्या मालाला चिकटतात. नव्या पाइपावरून हात फिरवताना बारीक खडे लागतात, ते बऱ्याचदा हेच.