मणक्याची झीज की मज्जारज्जूची झीज? नाव सारखं, आजार वेगळे

आपल्याकडे "मणक्याची झीज झालीय" हे इतकं सर्रास ऐकू येतं की पायाला मुंग्या आल्या, तोल जायला लागला की घरातले सगळे तेच म्हणून मोकळे होतात. पण झिजतंय काय, मणक्याची हाडं आणि गाद्या, की त्यांच्या आतून जाणारा नसांचा दोर म्हणजे मज्जारज्जू, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरी दोन वर्षांत दोन्ही झालं आणि दोन्ही वेळा आधी चुकलं, म्हणून लिहितेय.

माझी मावशी पंचवटीत राहते, पूर्ण शाकाहारी, दूधही नावालाच, आणि शुगरसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू. आधी दोन्ही तळपायांना मुंग्या, मग गादीवरून चालल्यासारखं वाटायला लागलं, मग चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी पत्ता नाही. कमरेचा एमआरआय काढला, गादी सरकलेली दिसली, झालं, पट्टा आणि ट्रॅक्शन, सहा महिने त्यातच गेले. खरं तर साठीनंतर एमआरआय काढला तर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्याही गाद्या सरकलेल्या निघतात, आणि मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर (कमरेच्या) मणक्यापाशीच संपतो, म्हणजे फक्त कमरेचा फोटो काढून मज्जारज्जूचा बराचसा भाग बघितलाच जात नाही.

एक गोष्ट मात्र रोज डोळ्यांसमोर होती. रामकुंडावर पायरीवर उभं राहून डोळे मिटून हात जोडले की मावशी पुढे झुकायची, दोनदा तर शेजारच्या बाईंनी दंड धरला. घरी तोंडावर पाणी मारताना बेसिन घट्ट पकडायची. शेवटी ज्या न्यूरोलॉजिस्टना दाखवलं त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, अंधारात आणि डोळे मिटल्यावर तोल जातो का? मग 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. मावशी म्हणाली, "गार लागतंय." थरथर? "नाही हो." घोट्यावर पण नाही, गुडघ्यावर थोडीशी, मनगटावर व्यवस्थित.

पाय कुठे टेकलाय हे मेंदूला सांगणाऱ्या तारा मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर जातात, आणि बी12 हे जीवनसत्त्व कमी पडलं की त्यांच्यावरचं आवरण खराब होतं. दूधही न घेणारा शाकाहार आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, दोन्हींनी ते कमी पडू शकतं. डोळे उघडे असले की नजर सांभाळून घेते, मिटले की माणूस डुलतो. बाजूच्या तारा मेंदूचे हुकूम खाली आणतात, त्याही बिघडल्या की पाय ताठ होतात. दोन्ही एकत्र बिघडतात म्हणून नाव सबअ‍ॅक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन, 1900 साली रसेल, बॅटन आणि कोलियर या तिघांनी हे नाव दिलं. बी12 कमी असलं की बहुधा रक्तही कमी होतं, पण मावशीचं हिमोग्लोबिन नॉर्मल होतं, त्यामुळे बी12 कडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी तर रक्त सुधारतं आणि नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

इंजेक्शनांनी मावशी सुधारली आणि मग आम्ही उलटी चूक केली. दिंडोरीचे भाऊजी, द्राक्षबागवाले, हातापायाला मुंग्या येतात म्हणाले आणि मीच सांगितलं, अहो बी12 असणार, मेथिलकोबालामिनची दहा इंजेक्शनं घ्या. घेतली, फरक शून्य. त्यांचं वेगळं होतं आणि मला दिसायला हवं होतं, कारण त्यांचे हात आधी गेले होते. थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करायच्या कात्रीत बोटं नीट चालेनात, शर्टाची बटणं ताई लावून द्यायची, मांडवाखाली मान वर करून काम केलं की मुंग्या वाढायच्या. मान फारशी दुखत नव्हती, म्हणून मानेचा संशयच आला नाही. मानेतल्या गाद्या झिजून आणि हाडं वाढून मज्जारज्जूची जागा अरुंद झाली होती, आणि मान मागे टाकली की ती अजून आवळते. मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं दाबून सोडलं की अंगठा आपोआप आत वळत होता. याला म्हणतात सर्व्हायकल मायलोपथी. म्हणजे झिजलं हाड आणि दबला मज्जारज्जू.

फसगत होते कारण दोन्हींत मुंग्या, ताठ पाय, लघवीची घाई असू शकते, मान खाली घातल्यावर पाठीतून करंट जाणं तर दोन्हींत सापडतं. माझ्या मते पहिला धागा सुरुवातीचा: दोन्ही पायांतून एकसारखं वर चढत आलं तर बी12, बोटांचं बारीक काम आधी गेलं तर मान. पण हा नुसता धागा आहे, खात्री तपासणीनेच होते. मानेच्या एमआरआयमध्ये दाब सरळ दिसतो. बी12 मध्ये आडव्या छेदात मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलटा व्ही दिसू शकतो, पण एमआरआय स्वच्छ आला म्हणून बी12 नाही असंही नसतं. रक्तात बी12 मिलीलिटरला 200 पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमी, त्याच्या थोडं वर अडकलं तर बी12 कमी असताना वाढणारे दोन पदार्थ, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड बघतात.

आणि रक्त इंजेक्शनच्या आधी द्या. भाऊजींचं आम्ही नंतर दिलं, बी12 भरपूर आलं, मुळात कमी होतं का ते आता कळायला मार्ग नाही. मानेचं ऑपरेशन झालंय त्यांचं, बटणं स्वतः लावतात, कात्री अजून ताईच्या हातात आहे.